मदत हवी आहे: वेल्समधल्या अ‍ॅबरग्लास्नीच्या कॉटेजमध्ये आईबाबांसोबत राहावं का?

नमस्कार मंडळी,

आईबाबा मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे कार्डिफला येत आहेत. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, त्यामुळे घाई अशी नाही. लंडन, बाथ, स्टोनहेंज होईलच, त्यावरचे जुने धागे वाचून काढलेत. मला विचारायचंय ते अ‍ॅबरग्लास्नी या जुन्या वाड्याबद्दल आणि त्याच्या बागेबद्दल. मराठीत त्यावर कुठे काही सापडलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी आमची मंडळी कशी आहेत ते सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेत. गच्चीवर गुलाब लावलेत, आणि एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन ते सहसा चुकवत नाहीत. महाल, झुंबरं, तैलचित्रं यांत त्यांना रस नाही. कुठल्याही बागेत गेले की खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चुरडून बघणार आणि मग माळ्याला गाठणार. आई सातारकडची, वाड्यात वाढलेली. भावकीत वाटण्या झाल्या, कोणी दुरुस्तीला हात घालेना, आणि आता त्या वाड्याच्या मागच्या सोप्याचं छप्परच उरलेलं नाही. जुनं घर दिसलं की ती थांबतेच. दोघांनाही रमता येईल अशी जागा शोधताना अ‍ॅबरग्लास्नीवर येऊन थांबले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कार्मार्थनशायरमध्ये, टवी नदीच्या खोऱ्यात, लांडायलो गावापासून जवळच लांगाथेन नावाचं खेडं आहे, तिथला हा जुना वाडा. साधारण १६०० च्या सुमारास सेंट डेव्हिड्सचे बिशप अँथनी रड यांनी तो विकत घेतला आणि वाढवला. पुढे १७१० मध्ये तो डायर घराण्याकडे गेला. त्या घरातला मुलगा जॉन डायर कवी झाला, आणि वाड्यामागच्या ग्रोंगार टेकडीवरची त्याची कविता १७२६ मध्ये प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकात मात्र इस्टेटीचे तुकडे होऊन विक्री झाली, घर ओसाड पडलं, लाकडाला बुरशी लागली, छत कोसळलं. दर्शनी पोर्चचे खांबसुद्धा काढून विकायला निघाले होते. इमारत संरक्षित यादीत असल्यामुळे ते परत आले. १९९५ मध्ये एका ट्रस्टने हे सगळं ताब्यात घेतलं, एका अमेरिकन बागप्रेमी दात्याने मोठा हात दिला आणि १९९९ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. बीबीसीने त्या कामावर मालिकाही केली होती.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. घराच्या मधल्या खोल्या इतक्या ढासळल्या होत्या की त्या पुन्हा पूर्वीसारख्या बांधणं शक्य नव्हतं. मग पडक्या भिंती तशाच ठेवल्या, वर काचेचं छत घातलं आणि आत उष्ण हवेतली झाडं लावली: ऑर्किड, सायकस, नेचे. २००५ पासून ते लोकांना बघता येतं, नाव निन्फेरियम. फोटोत दाराच्या रिकाम्या चौकटीतून पानं बाहेर आलेली दिसतात, भिंतीत जुन्या शेकोटीचा कोनाडा तसाच आहे. पडलेल्या घराचं असंही काही करता येतं हे आईने स्वतः बघावं असं मला फार वाटतं. वाड्याचं काय करायचं यावर आमच्याकडे ‘पाडून टाका’ आणि ‘राहू दे तसाच’ या दोनच गोष्टी बोलल्या जातात.

आता प्रश्न. आवारात स्वयंपाकघरासकट सुट्टीसाठीची कॉटेजेस भाड्याने मिळतात. नवऱ्याचं म्हणणं, कार्डिफहून गाडीने दीड तास, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, कॉटेजचा खर्च कशाला. मला तीन-चार रात्री राहायचंय. बाबांना दुपारच्या गर्दीत बाग दाखवून ‘चला, उशीर होतोय’ म्हणायला नको वाटतं. कॉटेजमध्ये राहणाऱ्यांना बाग बंद झाल्यावरही फिरता येतं असं ऐकलंय. कोणी राहून आलं असेल तर हे खरं आहे का ते सांगा. खर्चाच्या मानाने राहणं सार्थकी लागलं का, हेही.

दुसरं, दिवस कुठले धरावेत? बाबांची खरी ओढ हिमालयातल्या निळ्या पॉपीची, मेकोनॉप्सिसची. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं त्यांचं राहून गेलं, आता ती चढण त्यांना झेपायची नाही. अ‍ॅबरग्लास्नीत ही पॉपी चांगली येते म्हणतात. मेअखेर गाठायचा की जून?

तिसरं, आईचे गुडघे. सपाटीला ती तासभर चालते, पायऱ्या मात्र नको होतात. बिशपच्या काळातलं कमानींचं जे अंगण आहे, त्याच्यावरून चालायचा कट्टा तिला जमेल का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

स्वानसीत राहतो, तिथे बऱ्याचदा जाणं होतं. कॉटेजमध्ये राहिलेलो नाही, त्यामुळे बंद झाल्यानंतरच्या फिरण्याबद्दल बुकिंग करताना थेट त्यांनाच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. पण एवढं नक्की सांगतो, बाबा तुम्ही म्हणता तसे असतील तर एका दिवसात उरकू नका. बाग साधारण १० एकरांची आहे, पण एकेक भाग वेगळा. भिंतीआडच्या दोन बागा आहेत, एक फुलांची आणि एक भाजीपाला-फळांची. बाबा त्या दुसरीतच अडकतील. आशियाई झाडांचा भाग आणि ओढ्याकाठची बाग निराळीच.

पॉपीसाठी मेचा शेवट ते जूनचा मध्य धरा. तिला गारवा, ओल आणि आम्लधर्मी माती लागते, उन्हाळा तापला की ती रुसते. पश्चिम वेल्सचा पाऊस तिच्या पथ्यावर पडतो. त्याच पावसासाठी आईबाबांना चांगले रेनकोट आणि न घसरणारे बूट घ्या. छत्रीवर भिस्त ठेवू नका.

कमानींच्या अंगणाबद्दल: वरच्या कट्ट्यावर जायला पायऱ्या चढाव्याच लागतात. आईंना खालून बघू द्या. तीन बाजूंनी दगडी कमानी आणि मधे हिरवळ, ते खालूनही छान दिसतं. त्या काळातलं असं अंगण ब्रिटनमध्ये दुसरीकडे शाबूत राहिलेलं नाही, म्हणून तज्ज्ञ मंडळी त्याला एवढं मानतात. वर गेलात तर तिथून तळ्याची बाग आणि घर एकदम दिसतं, बाबांना पाठवा. तळ्याच्या कडेला टी-रूम आहे, तिथे आईंना निवांत बसता येईल. आवार थोडं उताराचं आहे, तेव्हा एकेका दिवशी एकेक भाग करा. राहण्याचा हाही फायदाच.

यू झाडांचा (सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड) बोगदा चुकवू नका. फांद्या कमानीसारख्या वाकवून पलीकडे जमिनीला टेकवल्या, त्यांनी तिथे मुळं धरली. आत भर दुपारीही काळोख असतो, लालसर खोडं हाताला गुळगुळीत लागतात. पूर्वी लोक त्याला हजार वर्षांचा समजायचे, तपासणीत तो साधारण अडीचशे वर्षांचा निघाला. सोबत लहान मुलं असतील तर यूची पानं-बिया तोंडात घालू देऊ नका, विषारी असतात.

प्रतिसाद २

+१, राहाच. आजूबाजूला पाहण्यासारखं इतकं आहे की बाग सोडूनही दोन दिवस जातील. पलीकडे लानार्थनीला वेल्सचं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे, २००० मध्ये उघडलं. नॉर्मन फॉस्टर यांनी आराखडा केलेलं तिथलं काचघर मधे एकही खांब नसलेल्या काचघरांत जगात सर्वात मोठं. ही जमीन एकेकाळी विल्यम पॅक्स्टन यांची. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याच्या टांकसाळीचे प्रमुख होते, तिथला पैसा घेऊन इथे आले आणि मोठी हवेली उठवली. ती १९३१ मध्ये जळाली. टेकडीवरचा त्यांचा मनोरा अजून उभा आहे, खोऱ्यातून लांबून दिसतो. बाबांना काचघर दाखवाल तेव्हा आईंना ही गोष्ट सांगा. आपल्याकडचा पैसा कुठे कुठे मुरला ते डोळ्यांसमोर येतं.

लांगाथेनच्या चर्चमध्ये त्या बिशपची आणि त्याच्या बायकोची दगडी समाधी आहे, अगदी जवळ आहे. लांडायलोजवळच्या डिनेवुर इस्टेटीतली पांढरी गुरं आणि हरणं बाबांना आवडतील. कारेग केन्नेनचा किल्ला मात्र आईंसाठी गाडीतूनच, चढ खडा आहे.

रेल्वेच्या नादी लागू नका. लांडायलोला स्टेशन आहे पण त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या, आणि स्टेशनपासून पुढे अडचण होते. रोजचं दूध, भाजी, ब्रेड लांडायलोत मिळेल. डाळी, पोह्याचं पाकीट, हिंग-मसाले कार्डिफहूनच न्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, आता त्याचीही ना नाही. जूनचा पहिला आठवडा विचारतेय, शनिवार-रविवार टाळून सोमवार ते शुक्रवार मिळतं का ते बघते. बाग बंद झाल्यावरच्या फिरण्याबद्दल आणि तळमजल्यावर झोपायची खोली असलेलं कॉटेज आहे का याबद्दल ईमेल केलाय, उत्तर आलं की इथे लिहीन.

अजून एक विचारायचंय. आईला त्या घराच्या डागडुजीचं काम नीट समजून घ्यायचंय: ओल कशी काढली, पडक्या भिंतींना आधार कसा दिला, जुन्या चुन्यात काय मिसळलं. तिथे असं समजावून सांगणारं कोणी भेटतं का, की आधी कळवावं लागतं? मी दुभाषाचं काम करेन. मामांना फोन करून वाड्याचे आताचे फोटो मागवलेत, ते ती सोबत नेणार आहे. आपल्याकडे सातारा-वाई भागात जुन्या लाकडी वाड्यांचं असं काम करणारे वास्तुविशारद कोणाच्या माहितीत असतील तर कृपया इथे नाव न देता मला व्यक्तिगत निरोप पाठवा.