जोधपूरमध्ये स्थानिक लोकांनी चालवलेली खाण्याची कोणती ठिकाणे आवर्जून गाठावीत?

मोडकाआगर

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण जोधपूरला चार रात्रींसाठी जात आहोत. रत्नागिरीहून थेट जोधपूरला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीची तिकिटे मिळाली आहेत आणि राहण्याची सोय जुन्या शहरात घंटाघरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी झाली आहे. किल्ला, राजवाडे आणि बाजार यांची माहिती भरपूर मिळते. प्रश्न खाण्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी राजस्थानातल्याच दुसऱ्या एका शहरात आम्ही रिक्षावाल्यावर विसंबलो. त्याने आम्हाला ‘अस्सल राजस्थानी जेवण’ म्हणून जिथे नेले तिथे दाराशी कठपुतळ्या नाचत होत्या, आत सगळी गिऱ्हाइके आमच्यासारखीच बाहेरगावची होती, आणि ताटात आलेली पनीरची भाजी चिपळूणच्या कुठल्याही हॉटेलात मिळते तशीच होती. यावेळी शहरातली माणसे स्वतः जिथे जातात, ज्यांचे मालक त्याच गावचे आहेत आणि शक्यतो एकाच घराण्याकडे धंदा चालत आला आहे, अशी ठिकाणे हवी आहेत.

अडचणी आधीच सांगून ठेवतो. आई शाकाहारी असून भात पोटात गेल्याशिवाय जेवण झाले असे ती मानत नाही. वडिलांना मधुमेह आहे. मी आणि पत्नी सर्व काही खातो. मुले नऊ आणि तेरा वर्षांची आहेत व तिखटाला घाबरतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाडातर

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षे जोधपुरात काढली आणि आता देवगडला परतून बरीच वर्षे झाली, त्यामुळे किमती आणि वेळा यांची खात्री तिथे गेल्यावर करून घ्यावी. मात्र ज्या दुकानांची नावे मी खाली देते आहे ती जुनी, नावाजलेली आणि गावातल्याच माणसांची आहेत.

आपण ‘रेस्टॉरंट’ शोधायला निघाला आहात, तिथेच पहिली चूक होते असे मला वाटते. जोधपूरचे सर्वोत्तम खाणे खुर्ची, टेबल आणि मेनूकार्ड असलेल्या ठिकाणी फार थोडे आहे. ते एकेका पदार्थाच्या दुकानात वाटले गेलेले आहे आणि त्या प्रत्येकाची एक वेळ ठरलेली आहे. आपल्याकडे जसे मासे घ्यायला दुपारी चारला कोणी जात नाही, होड्या कधी लागतात ते पाहून जातात, तसेच तिथे घड्याळ पाहून खावे. रात्री आठला एका जागी बसून सगळे मागवू असे ठरवले, तर सगळेच साधारण मिळेल.

सकाळी नई सडकेवरील ‘जनता स्वीट होम’मध्ये जावे. तिथला मिरची वडा म्हणजे आपली मिरचीची भजी नव्हे. वीतभर लांबीची, जाड सालीची आणि मुळात कमी तिखट मिरची उभी चिरून, त्यात आंबटसर बटाट्याचे सारण दाबून, ती बेसनात बुडवून तळतात. आमच्या शेजारच्या काकी तो पावाच्या दोन कापांमध्ये दाबून खात असत. पहिल्या दिवशी मला हसू आले आणि दुसऱ्या दिवसापासून मीही तसाच खाऊ लागले. घाणा कढईतून निघतानाच खावा, कारण अर्ध्या तासात बेसन मऊ पडते आणि मग त्यात काही राम उरत नाही. मुलांसाठी त्याच दुकानात मावा कचोरी घ्या. मैद्याच्या खुसखुशीत पारीत खवा आणि सुका मेवा भरून तळलेली ही कचोरी देताना वरून फोडतात आणि तिच्यात पाक ओततात. करंजी पाकात पडावी तसा प्रकार आहे. दोन मुलांत एक पुरते. ही कचोरी ‘रावत’वाल्यांनी प्रथम केली असे जोधपूरकर सांगतात, त्यामुळे तुलना करायची हौस असेल तर त्यांच्याकडचीही खाऊन पाहावी.

घंटाघराजवळचे ‘शाही समोसा’ हे दुकान गर्दीवरूनच ओळखता येईल. त्याविषयी अधिक लिहीत नाही. समोसा हा शेवटी समोसाच.

पण घंटाघराच्या आवारात सरदार मार्केटच्या वेशीला लागून असलेले ‘श्री मिश्रीलाल हॉटेल’ चुकवू नये. नावात हॉटेल असले तरी राहण्याची सोय शोधू नका. आपल्याकडे एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानाला जसे हॉटेल म्हणतात, त्याच अर्थाचे ते हॉटेल आहे. 1927 पासून चालत आलेल्या या दुकानाची मखनिया लस्सी प्यायची नसते, चमच्याने खायची असते. केशराने पिवळसर झालेले, वेलचीच्या वासाचे, वर लोण्याचा गोळा असलेले ते दही इतके घट्ट असते की आमच्या मुलीने चमचा मध्ये उभा करून सोडला तर तो बराच वेळ कललाही नाही. ही लस्सी दुपारी, बाजार फिरून पाय दुखायला लागले की घ्यावी आणि त्यानंतर दोन तास जेवणाचा विचार करू नये.

बसून जेवायचे असेल तर सरदारपुऱ्यातील ‘जिप्सी’ या शाकाहारी ठिकाणची राजस्थानी थाळी घ्यावी. तिथे गावातली कुटुंबे रविवारी मोठ्या संख्येने येत असत, आणि माझ्या मते हाच खरा दाखला. वाढपी फार आग्रही असतात. आपण नको म्हणायच्या आत बाटीवर तूप पडलेले असते. वडिलांच्या ताटावर आधीच हात आडवा धरावा.

कर्ली खाडी

वाडातर यांच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त मांसाहाराची बाजू राहिली म्हणून लिहितो.

पहिली सूचना अशी की जोधपुरात मासे मागवू नका. मेनूकार्डावर असले तरीही मागवू नका. मालवणहून चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी सुरमईची आठवण येते आणि तो घसरतो; मी घसरलो आहे.

मटण मात्र मनापासून खावे. लाल मासाचा रंग आणि चव ज्या मिरचीवर अवलंबून असते ती मथानियाची मिरची, आणि मथानिया हे गाव जोधपूर जिल्ह्यातच आहे. म्हणजे हा पदार्थ त्याच्या माहेरी खाण्याची ही संधी आहे. जुन्या पद्धतीत मटण, दही, लसूण, तूप आणि ही मिरची एवढाच मुख्य कारभार असतो. आपल्यासारखे भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप नसते आणि टोमॅटोचीही गरज नसते. गच्चीवरच्या एका उपाहारगृहात (नाव लिहीत नाही) मला ‘लाल मास’ म्हणून जे मिळाले त्यात टोमॅटोची गोडसर ग्रेव्ही होती आणि बोटांना लागलेला लाल रंग हात धुतल्यावरही गेला नाही. मिरचीचा रंग तुपात उतरतो, बोटांवर असा चिकटून राहत नाही, एवढे आपल्या आईच्या हाताखाली वाढलेल्या कोणालाही कळते. म्हणून मागवण्यापूर्वी ‘टोमॅटो घालता का?’ एवढेच विचारावे. त्या एका प्रश्नावर वेटरचा चेहरा बरेच काही सांगतो.

मुलांसाठी सफेद मास विचारून पाहा. दही, बदाम किंवा काजू यांच्या पांढऱ्या रश्श्यातले ते मटण बरेच सौम्य असते. उलट ‘जंगली मास’ नावाला भुलून मुलांना देऊ नका. त्यात मटण, तूप, मीठ आणि मिरची यांखेरीज जवळजवळ काही नसते.

आडिवरे

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण गच्चीवरच्या जागांना सरसकट नाव ठेवणे मला पटत नाही. रात्री मेहरानगडावर दिवे लागतात तेव्हा निळ्या घरांच्या वर तो किल्ला तरंगल्यासारखा दिसतो, आणि आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाने ते दृश्य पाहू नये असे कोण म्हणेल? तिथे जावे, मात्र पोटभर जेवण आधी दुसरीकडे उरकून जावे. वर फक्त चहा किंवा सूप मागवावे. अशा ठिकाणी आपण पैसे देतो ते खुर्चीचे आणि दृश्याचे, हे मनाशी पक्के असले की बिल पाहून वाईट वाटत नाही. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते. आपल्या कोकणातल्या माणसाला ती बाधते, तेव्हा आईवडिलांसाठी शाल न्यावी.

मातोश्रींच्या भाताचा प्रश्न कोणी सोडवला नाही. जोधपूरच्या स्वयंपाकात ‘काबुली’ नावाचा भाताचा एक प्रकार आहे. त्यात तळलेल्या भाज्या, पावाचे तुकडे, काही वेळा गट्टेही घालून भाताचे थर लावतात. तो सगळीकडे मिळत नाही. मारवाडी जेवण देणाऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारून ठेवावे. तो नाही मिळाला तर साधा भात आणि कढी कुठेही मिळते, आणि मारवाडची आंबट, पातळ कढी आपल्या ताकाच्या कढीची सख्खी नसली तरी चुलत बहीण नक्कीच आहे.

वडिलांसाठी बाजरीचा सोगरा मागवावा. सोगरा म्हणजे जाडसर भाकरीच. सोबत केर-सांगरी घ्यावी. गट्ट्याची भाजीही त्यांना चालेल. बेसनाचे वळलेले उंडे उकडून, कापून रश्श्यात सोडतात, म्हणजे पाटवडीच्या रश्श्याचे ते भावंड म्हणायचे. ‘गुलाबजाम की सब्जी’ हे नाव ऐकून दचकू नये. त्यातले गुलाबजाम बिनसाखरेचे असतात व मसाल्याच्या रश्श्यात येतात, मात्र खवा आणि तूप भरपूर असल्याने घासापुरतीच चव घ्यावी. खरे गोड गुलाबजाम जुन्या शहरातील ‘चतुर्भुज’ यांच्याकडे खावेत, आणि तिथे वडिलांना बरोबर न नेणे हीच पितृसेवा.

मोडकाआगर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. घड्याळ पाहून खाण्याची कल्पना घरात सर्वांना पटली, आणि तेरा वर्षांच्या मुलाने तर वेळापत्रकच लिहून काढले आहे, ज्यात मावा कचोरी दोनदा येते.

एक शंका उरली. केर-सांगरीचे नाव प्रत्येक ठिकाणी येते. ती नेमकी काय असते, आणि ती विकत आणून इथे घरी करता येते का? पत्नीला भाजीच्या चवीपेक्षा भाजी आणण्यात अधिक रस आहे.

वाडातर

करता येते, पण थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा, वाळवलेल्या. खेजडी म्हणजे आपली शमी, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. तिच्या शेंगांची भाजी होते हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 साली याच झाडांची तोड थांबवण्यासाठी अमृतादेवींसह 363 बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. ज्या मुलखात पाण्याचा भरवसा नाही तिथे हे झाड माणसांना भाजी, जनावरांना पाला आणि सगळ्यांना सावली देते, हे पाहिले की त्या घटनेचा अर्थ थोडा तरी उमगतो. केर हे काटेरी, जवळजवळ बिनपानांच्या झुडपाचे वाटाण्याएवढे फळ. ते ताजे असताना कडू असते, म्हणून मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस ठेवून त्याचा कडूपणा काढतात आणि मग वाळवतात.

आपण पावसाळ्यापूर्वी सोडे, सुके बोंबील, आठळ्या, सांडगे भरून ठेवतो, तशीच ही त्यांची बेगमी आहे. आपण चार महिने पाऊस थांबत नाही म्हणून साठवतो आणि ते पाऊस येत नाही म्हणून साठवतात. ताटात येणाऱ्या मंगोड्या म्हणजे मुगाचे सांडगेच, आणि राबोडीची भाजी दिसली तर आवर्जून खावी. ताकात शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या वाळवलेल्या पापड्यांची ती आंबटसर भाजी मला केर-सांगरीहूनही अधिक आवडत असे.

खरेदी करताना पर्यटकांच्या मसाल्याच्या दुकानांतील रंगीत पाकिटे घेऊ नका. गावातल्या बायका जिथून घेतात त्या किराणा दुकानात सुटी सांगरी मिळते. शेंग बारीक आणि आत बी न धरलेली असावी. जाड शेंग कितीही शिजवली तरी दाताखाली चिवट लागते. सांगरी महाग असते, त्यामुळे पाव किलो पुरे. भिजल्यावर ती बरीच फुगते.

घरी केर आणि सांगरी रात्रभर वेगवेगळी भिजत घालावीत, सकाळी दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि मऊ होईपर्यंत उकडावीत. मग तेल नेहमीपेक्षा सढळ घेऊन जिरे, हिंग, सुक्या लाल मिरच्या यांची फोडणी द्यावी, हळद, धणेपूड, मीठ आणि शेवटी आमचूर घालावे. पाणी घालू नये. आमचूर संपले तेव्हा मी एकदा आमसुले टाकली होती. चव वाईट नव्हती, पण भाजी काळवंडली आणि यजमानांनी ती कोकणात आल्यावर बिघडली असे जाहीर केले.

शेवटची गोष्ट अनुभवाची. जोधपुरात माझ्या शेजारणीची सांगरी कापडी पिशवीत दोन-दोन वर्षे राहत असे. मी तशीच पिशवी देवगडला खुंटीला टांगून ठेवली, आणि जुलैत उघडली तर आत पांढरी बुरशी आणि दमट पोत्यासारखा वास. तेव्हा आल्याबरोबर सांगरी एक दिवस उन्हात द्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि मिरगाच्या आत संपवावी. सोड्यांच्या डब्याशेजारी ठेवू नये. मातोश्री शाकाहारी आहेत आणि सांगरी वास फार लवकर धरते.