पोकरच्या टेबलावर माणूस 'वाचणं' आणि माणसाला कमी समजणं, यात फरक आहे की नाही?

संत्राबर्फी
शनिवारी रात्री प्रतापनगरात एका मित्राच्या गच्चीवर आमचा पोकरचा अड्डा असतो, सात-आठ जण, पैसे नाही लावत, सगळ्यांना सारख्या चिप्स आणि ज्याच्या आधी संपतील त्याने सगळ्यांना सावजी खाऊ घालायचं. (यातले अर्धे आधी ॲपवर खेळायचे, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं आणि गच्चीवर गर्दी वाढली.) तर या शनिवारी एकाची मोठी बहीण आली, पंचेचाळिशीच्या असतील, विमा विकतात. बसल्या बसल्या आमच्यातला एक, त्याला पिंट्या म्हणू, सुरू झाला, ताई हे तीन पत्ती नाही बरं का, ताई फोल्ड म्हणजे पत्ते टाकायचे, ताई चिप्स अशा ठेवायच्या. त्या हो हो म्हणत होत्या.

मग तो डाव आला. पिंट्याच्या हातात राजा-राणी (हातात दोनच पत्ते, बाकीचे पाच मधे सगळ्यांसाठी उघडतात). फ्लॉपला, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदाम राणी, बदाम सत्ता, किल्वर दुरी. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, इस्पिक नव्वी. पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्समध्ये) ४०० होते, पिंट्याने १०० लावले आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. ताईंनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच लावले. रिव्हरला, म्हणजे शेवटचा पत्ता, बदाम तिरी. पिंट्याने परत लावले, ताईंनी रेझ केलं (त्याच्याहून वाढवून लावले), तर हा हसून म्हणतो ताई तुम्हाला कॉल म्हणायचं होतं का? त्या म्हणाल्या नाही, रेझच. त्याने कॉल केलं, ताईंनी बदाम एक्का-पंजा दाखवला. फ्लश, पाचही बदाम, राणीच्या जोडीला भारी. पिंट्या काय म्हणाला तर "नवशिक्याचं नशीब". सगळे हसले. मी पण हसलो, खोटं काऊन बोलू.

दहा मिनिटांनी ताई उठल्या, उद्या लवकर उठायचं आहे म्हणाल्या, वड्यांचा डबा आणला होता तो रिकामा करून घेतला आणि गेल्या. चिप्स सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच होत्या. मला दोन दिवस ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं. पिंट्याचं म्हणणं, पोकरमध्ये माणूस पाहूनच खेळतात, वाईट काय वाटून घ्यायचं. तुम्हाला काय वाटते?

इतवारीकर
पिंट्या बरोबर आहे. नवीन माणूस बसला की मी पहिल्यांदा त्याचं वय पाहतो, हात थरथरतात का पाहतो, चिप्स रचून ठेवतो की ढीग करतो ते पाहतो. साठीचे काका तासभर पत्ते टाकत बसले आणि मग एकदम रेझ केलं की मी माझी एक्क्याची जोडी सुद्धा टाकतो, दहापैकी नऊदा बचावतो. कॉलेजचं पोट्टं असेल तर उलट, ते दुरी-सत्तीवर पण ऑल-इन करते, सगळ्या चिप्स लावून टाकते. याला भेदभाव म्हणत असाल तर मग खेळच बंद करा. पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, माणूस तेवढा दिसतो. तोही पाहायचा नाही म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून बसायचं का?

मीच_ती_वहिनी
मी खेळते, चार वर्षं झाली, नवऱ्याने शिकवलं आणि आता तोच म्हणतो चल झोपू. आधी हिशोब करा मग नशीब म्हणा. टर्नला ताईंना न दिसलेले पत्ते ४६, त्यातले बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा फ्लश लागणार. पिंट्याने ४०० च्या पॉटमध्ये १०० लावले, म्हणजे ताईंना १०० देऊन ५०० मिळवायची संधी. कॉल एकदम बरोबर होता, शिवाय लागला तर पुढे अजून मिळणार हे वेगळंच. पिंट्याने ३०० लावले असते तर त्यांना पत्ते टाकावे लागले असते. का नाही लावले? कारण ताईंना काय कळते, राहू दे बिचारीला डावात. डोळा मारला ना तेव्हाच चिप्स गेल्या त्याच्या.

आणि इतवारीकर, तुमच्यासारखे लोक मला फार आवडतात. बाई आहे म्हणजे ब्लफ मारणार नाही असं समजून पत्ते टाकतात, मी रात्रभर हातात काही नसताना रेझ करते. तुमचा अंदाज मला फुकटात पुरतो, तो काही बदलू नका. मला राग कशाचा येतो सांगते. माझी चाल आली की डील करणारा माझ्या नवऱ्याकडे पाहून विचारतो, "वहिनी काय करताहेत?" मी समोर बसली आहे ना, मलाच विचारा!

तर्रीमारके
पोहे खात खात वाचून राहिलो 😄 पण मुद्द्याचं कोणी बोलतच नाही, हा जुगार आहे, महाराष्ट्रात १८८७ पासून जुगाराचा कायदा आहे, आणि तुम्ही जुगाराच्या अड्ड्यावर आदर शोधताय. सट्ट्यावाल्याने म्हणावं का की मला आपुलकीने वागवा?

संत्राबर्फी
@तर्रीमारके पैसे नाही लावत लिहिलं आहे वर, सावजी लावतो. अन जुगार असला म्हणून काय झालं, माणसाशी कसं बोलायचं ते बदलते का?

सक्करदऱ्याचा_गण्या
मी एसीचं काम करतो. पोकर फोनवर शिकलो, लॉकडाऊनमध्ये काम नव्हतं तेव्हा. एका गिऱ्हाईकाशी गप्पा मारताना विषय निघाला, ते म्हणे ये ना रविवारी, चांगला माणूस. गेलो. बंगला मोठा, सगळे इंग्रजीत बोलून राहिले होते, माझी चाल आली की मराठीत बोलायचे, ते पण हळूहळू, जसं काही मले ऐकू येत नाही. एकाने नाव विचारलं, सांगितलं. मग आडनाव विचारलं, सांगितलं. मग "बरं बरं". त्या बरं बरं चा अर्थ आपल्याकडे सगळ्याले कळते.

हे पण चाललं असतं. पण उठायच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या चिप्स किती ते तोंडी सांगितलं, माह्या चिप्स दोनदा मोजल्या. फक्त माह्या. इतवारीकर भाऊ, तुम्ही म्हणता माणूस वाचतो, तर सांगा, डाव संपल्यावर माह्या चिप्स मोजून त्यांनी कोणता पत्ता वाचला?

इतवारीकर
@गण्या हे चुकीचंच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ती त्या घरातल्या लोकांची घाण आहे, पोकरची नाही ना. मी डावापुरतं बोलतोय.

आणि वहिनी, हिशोब मान्य, पिंट्याने टर्नला माती खाल्ली. पण एक सांगा, लास वेगासला पोकरची वर्ल्ड सिरीज होते, तिच्या मेन इव्हेंटला (मुख्य स्पर्धेला) बायका शंभरात चार-पाच असतात. फायनल टेबलपर्यंत, म्हणजे शेवटच्या नऊत, १९९५ मध्ये बार्बरा एनराइट पोचल्या, पाचव्या आल्या, त्यानंतर थेट २०२५ मध्ये स्पेनच्या लिओ मार्गेट्स, सातव्या. मध्ये तीस वर्षं कोणी नाही. मग बाई बसली आणि मी धरून चाललो की नवीन असेल, तर त्यात माझं काय चुकलं?

मीच_ती_वहिनी
शंभरात चार बसणार, मग शेवटच्या नऊमध्ये किती दिसणार हो? त्या चारच का बसतात आणि बाकीच्या का उठून जातात ते वरच लिहिलं आहे संत्राबर्फीने, वड्यांचा डबा घेऊन. आपल्याकडची निकिता लुथर २०१८ मध्ये वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट (जिंकल्यावर मिळते ते) घेऊन आली, तिला कोणी "ताई, कॉल म्हणायचं होतं का" विचारलं असेल तर तिने नक्की रेझच केलं असेल.

बर्डीवरचा_उंट
पत्त्यातलं मला फार कळत नाही, मी बुद्धिबळवाला. पण नागपूरकरांनी एवढ्यात विसरावं? आपली दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सला टाटा स्टीलची स्पर्धा खेळून आली आणि इन्स्टाग्रामवर लिहिलं की लोक तिचे डाव सोडून कपडे, केस, बोलायची ढब यावरच बोलत होते. अठरा वर्षांची होती. २०२५ च्या जुलैत हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला, ग्रँडमास्टर झाली, मग इथे सगळे विमानतळावर हार घेऊन. हार आधी घेऊन गेलो असतो तर?

इतवारीकर
उंट भाऊ, बुद्धिबळात सगळी फौज पटावर उघडी असते, तिथे अंदाज बांधायची गरजच नाही, म्हणून तिथे कपड्यावर बोलणं हे शंभर टक्के मूर्खपणा. पोकर अर्धा झाकलेला खेळ आहे. फरक आहे राव.

कटिंगचहा
फरक आहे पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टॅड, २००७ मध्ये १८० जणांची ऑनलाइन स्पर्धा जिंकली, स्वतःचे पत्ते जवळजवळ न पाहता. मुद्दाम झाकून ठेवले होते. समोरच्याचं वय, तोंड, आडनाव काहीच दिसत नव्हतं, मग काय पाहून खेळली? कोण कधी किती लावतो, कोण घाबरून टाकतो, एवढंच. माणूस वाचणं हे असं असते. साठीचे काका तासभर पत्ते टाकत बसले हे तुम्ही पाहिलं, ते वाचणं. काका साठीचे आहेत म्हणून धरून चालले, तो आळस. पहिल्या दोन डावापुरता आळस चालतो, माझ्याकडे पण दुसरं काही नसते तेव्हा. पण पिंट्याने ताईंचे किती डाव पाहिले होते?

दुसरं, तोंड बंद ठेवता येते ना. डोक्यात काय चालायचं ते चालू द्या. कच्च्या खेळाडूला हे लोक 'मासा' म्हणतात, त्याच्याबद्दल जुने खेळाडू सांगतात की टाकीची काच वाजवू नये, मासा पळून जातो, म्हणजे त्याला टोमणे मारून उठवू नये. यात पण आदर काहीच नाही, नुसता स्वार्थ आहे, पण त्या स्वार्थाने तरी लोक गप्प बसतात. पिंट्याला तेवढंही जमलं नाही. आमच्याकडे एक जण होता, हातात सगळ्यात मोठा पत्ता असून मिनिटभर विचार करायचं नाटक करायचा, समोरच्याने खूश होऊन चिप्सकडे हात नेला की मग दाखवायचा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बोलावलंच नाही. नियमात बसते ते, तरी.

तर्रीमारके
म्हणजे पिंट्याला काढणार का अड्ड्यातून? 😄

संत्राबर्फी
पिंट्याला काढून कसं जमेल, गच्ची त्याचीच आहे.

बरं, अपडेट. काल मित्राकडून नंबर घेऊन ताईंना फोन केला, सॉरी म्हणायचं होतं, जमलं नाही, शनिवारी या एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या तुमच्या त्या मित्राला विचारा, टर्नला १०० काऊन लावले होते, मी ३०० ला पत्ते टाकणार होते. वहिनी, तुमचाच हिशोब! मग म्हणाल्या मी वीस वर्षं लोकांच्या घरी सोफ्यावर बसून पाहते आहे कोण खरंच घेणार आणि कोण नुसता चहा पाजून वाटेला लावणार, तुमचा मित्र तर पत्ता उघडायच्या आधीच हसते. येते म्हणाल्या नाही, पाहते म्हणाल्या. @गण्या तू पण ये, खरंच. आमच्याकडे चिप्स कोणीच मोजत नाही, त्या पुरत पण नाहीत, दहाच्या चिपा म्हणून शर्टाची बटणं वापरतो.

सक्करदऱ्याचा_गण्या
पाहतो. एसी खराब असेल तर आधीच सांगा, रविवारी काम नाही करत मी.

इतवारीकर
मला जागा आहे का शनिवारी? एकच अट, ताई जिथे बसतील त्यांच्या डावीकडची खुर्ची माझी. त्यांची चाल झाल्यावरच मी बोलणार, त्यांच्या आधी बोलायची माझी हिंमत नाही.