झायमोमोनास: एनएडीपीएच न घालता सॉर्बिटॉल कसं होतंय?

कोथरूडची_बायोकेम
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. झायमोमोनास मोबिलिस हा अल्कोहोल करणारा जंतू ग्लुकोजवर वाढवलं की अल्कोहोल झकास मिळतं. साध्या साखरेवर (म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या जोडीवर) मात्र कमी, आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत सॉर्बिटॉलचा ठसठशीत पीक. गाइड म्हणाले, हे जीएफओआर या एन्झाइमचं काम. ठीक. पण टोल्युइन लावून (त्याने पेशींचं आवरण गळकं होतं), धुतलेल्या पेशींना नुसतं ग्लुकोज-फ्रुक्टोज दिलं, हायड्रोजन पुरवणारं एनएडीपीएच थेंबभरही नाही, तरी सॉर्बिटॉल होतंच! फ्रुक्टोजला हायड्रोजन देतंय कोण?

मळीवाले_काका
ग्लुकोजच देतंय की. ग्लुकोज-फ्रुक्टोज ऑक्सिडोरिडक्टेजच्या, म्हणजे जीएफओआरच्या, खाचेत आधी ग्लुकोज बसतं, हायड्रोजन देऊन ग्लुकोनोलॅक्टोन होऊन निघून जातं (त्याचंच पुढे ग्लुकोनिक आम्ल होतं). तो हायड्रोजन घेऊन एन्झाइममधल्या एनएडीपीचं झालं एनएडीपीएच. मग त्याच खाचेत फ्रुक्टोज येतं, तो हायड्रोजन घेतं आणि सॉर्बिटॉल होऊन जातं. एनएडीपी परत कोरं, पुढच्या ग्लुकोजला तयार. या सगळ्यात एनएडीपी त्या एन्झाइमला सोडतच नाही. चार उपघटकांचं हे एन्झाइम. शेजारच्या उपघटकाचा हात एनएडीपीभोवती वेढलेला असतो. तू कितीही धू, ते निघायचं नाही. अल्कोहोल करायला लागणारे एनएडी, एटीपी हे साहाय्यक रेणू मात्र मोकळे, ते टोल्युइननंतर वाहून जातात.
झाकारिऊ आणि स्कोप्स यांचा 1986 चा पेपर काढ. गाइडनी सांगितला नसेल तर आश्चर्य आहे.

कोथरूडची_बायोकेम
काका, थँक्यू! पण अल्कोहोल सोडून सॉर्बिटॉल करण्यात जंतूचा काय फायदा? ते तर त्याला खाताही येत नाही.

मळीवाले_काका
खायला नाहीच ते. बाहेर साखर दाट झाली की पेशीतलं पाणी खेचलं जातं. सॉर्बिटॉल आत साठवून जंतू तो ताण सोसतो. ग्लुकोनिक आम्लही वाया जात नाही, फॉस्फेट लागून एन्टनर-डुडोरॉफच्या वाटेला, म्हणजे जंतूच्या ग्लुकोज मोडण्याच्या नेहमीच्या वाटेला, लागतं. आमच्या डिस्टिलरीत मळीवर यीस्टच असायचं, त्यामुळे ही भानगड आम्हाला नव्हती. कारखान्याच्या हिशेबात सॉर्बिटॉल म्हणजे बुडालेलं अल्कोहोल.

हडपसर_फर्मेंटर
सगळी तूट सॉर्बिटॉलच्या माथी मारू नका. साखरेवर हा जंतू लेव्हानही (फ्रुक्टोजच्या लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ) करतो. ब्रॉथ (वाढीचं द्रावण) चिकट लागतोय का, बघा.

मळीवाले_काका
बरोबर. आणि हिशेब टोल्युइनवाल्या पेशींवरच कर. तिथे एका मोल सॉर्बिटॉलमागे एक मोल ग्लुकोनिक आम्ल यायला हवं. जिवंत पेशी आम्ल वापरून टाकतात, आकडे जुळायचे नाहीत. पीएच धरून ठेवायला किती अल्कली गेली, त्यावरून आम्ल कळतं; ते वहीत लिहितेस ना?

कोथरूडची_बायोकेम
आजपासून लिहिते.