सोसायटीचा ग्रुप: सांगलीतनं सायकलवरून हरिपूर, शनिवारी कोण कोण येणार?

बी-२०३: काल संध्याकाळी आम्ही चौघं मित्र सायकलवरनं हरिपूरला जाऊन आलो, फोटो टाकलेत वर. मेन रोड टाळला, गणपती पेठेतनं गावभागात शिरलो, तिथल्या बोळांत गाड्या कमी, एका वाड्याच्या दारात दोन आज्या शेंगा निवडत बसलेल्या, विचारतात कुठं निघालात रे, म्हटलं संगमावर, तर म्हणाल्या अंधाराच्या आत फिरा

ए-४०१: भाऊजी आम्हाला सांगायचं तरी! किती वेळ लागला?

बी-२०३: वहिनी घड्याळ बघितलंच नाही. जोरात मारायची नाही, बोलत बोलत जायचं हेच ठरलेलं. बागेतल्या गणपतीला थांबलो, मग संगमेश्वराचं देऊळ, घाटावर बसून कृष्णा-वारणेचा संगम बघितला. तिथं हळदीच्या पेवांचा विषय निघाला, एकाच्या आजोबांची पेवं होती हरिपुरात, पेवं म्हणजे जमिनीखालची खोल कोरडी कोठारं, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि सगळं गेलं. इतकी वर्षं मित्र आहे, पण हे त्यानं काल पहिल्यांदा सांगितलं

सी-१०२: फार बरं वाटलं वाचून. हरिपूर म्हणजे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. आम्ही तासावर भाड्यानं सायकल घेऊन जायचो. माझी आता पार्किंगमध्ये पडून आहे, टायर बसलेत

बी-२०३: काका उद्या सकाळी पंप घेऊन येतो खाली. टायरला बाजूनं भेगा नसतील तर नुसती हवा भरून चालेल, चेन पुसून तेल सोडू, ब्रेकचे रबर बघू. सीट पण नीट लावू, पेडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवून पाय सरळ झाला पाहिजे, नाहीतर गुडघे दुखतात

ए-४०१: माझा मुलगा मागं लागलाय पण येताना अंधार होतो ना, भीती वाटते ओ

बी-२०३: बरोबर आहे वहिनी. मागं लाल लाइट, पुढं पांढरा, हे नसेल तर कुणालाच नेणार नाही. मोठ्या रस्त्याला एकामागं एक, मुलं मध्ये

डी-३०४: आयर्विन पुलावरनं नदीपलीकडं सांगलवाडीला जाऊया की

बी-२०३: १९२९ चा पूल तो, अरुंद आहे, संध्याकाळच्या गर्दीत मुलांना घेऊन नको. रविवारी पहाटे जाऊ

सी-१०२: मग शनिवारी मी नक्की

बी-२०३: साडेपाचला गेटपाशी. ज्यांच्याकडं लाइट नाही त्यांनी आजच सांगा, एकदम आणतो. येताना भडंग माझ्याकडून