हाताला मुंग्या: हात न तपासताच एनसीव्ही लिहून दिली

भांडुपकर:
आईला रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात, झोपेतून उठून हात झटकत बसते बिचारी, पोळ्या लाटताना पण बोटं बधीर होतात. डॉक्टरांनी हात हातात पण घेतला नाही, सरळ एनसीव्ही (नसेतून करंट किती वेगाने जातो ती टेस्ट) लिहिली. नस मनगटात दबलीये की कोपरात हे नुसतं तपासून कळतं का?

फिजिओ_परळ:
बरंचसं कळतं, आणि हात न बघता टेस्ट लिहिणं मला तरी पटत नाही. आधी नेमकी कुठली बोटं ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अंगठीच्या बोटाची मधल्या बोटाकडची बाजू असेल तर मीडियन नस, म्हणजे बहुतेक मनगट. करंगळी आणि अंगठीच्या बोटाची करंगळीकडची बाजू असेल तर अल्नर, ती जास्त करून कोपरात दबते. कापूस फिरवला की कधीकधी एकच बोट उभं अर्धं बधीर, अर्धं चांगलं असं स्पष्ट सापडतं. मग फेलन टेस्ट, मनगट पूर्ण खाली वाकवून ६० सेकंद, किंवा मनगटाच्या घडीच्या जरा पुढे तळहातावर अंगठ्याने ३० सेकंद दाबायचं, त्याच बोटांत मुंग्या आल्या तर मनगटाचा संशय पक्का होत जातो. एकाच टेस्टवर मात्र जाऊ नका. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा असतो तो दुसऱ्या हातापेक्षा बसलाय का, हे नक्की बघा.

विरार_फास्ट:
माझं कोपराचं निघालं. ट्रेनमध्ये कोपर दुमडून तासभर मोबाईल धरायचो, करंगळी झोपायची. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरायला लावून ओढला, तर धरून ठेवायला माझ्या अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं, याला फ्रोमेंट साईन म्हणतात म्हणे. कोपराच्या आतल्या हाडामागे टिचकी मारली तर करंट थेट करंगळीत. हाताची मागची बाजू पण करंगळीकडे बधीर होती, त्यावरून ते म्हणाले मनगटाच्या आधीच, कोपराकडे कुठेतरी दबलीये.

भांडुपकर:
आत्ताच विचारलं, अंगठा ते मधलं बोट. पण तळहात ठीक आहे म्हणते, मग नस कशी?

फिजिओ_परळ:
ते जुळतंच. तळहाताच्या त्या भागाची फांदी मनगटाच्या आधीच सुटते आणि मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दबते, त्याच्या बाहेरून जाते. मान पण तपासून घ्या, तिथूनही अशाच मुंग्या येतात, आणि शुगर, थायरॉईड करा. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून बघा. उंचवटा बसला असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील तर थांबू नका, एनसीव्ही करून हाताच्या सर्जनला दाखवा.

भांडुपकर:
कालच चहाचा कप सुटला हातातून. उद्याच नेतो.