मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या कार्डांसाठी तिघांत एकच नियम कसा ठरवावा?

जुनाट_यंत्र

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे मामांचा १९८७ सालचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची ही डेसिबेल्स कंपनीने आपल्याकडे परवान्याने काढलेली आवृत्ती. माळ्यावरून उतरवला तेव्हा कीबोर्डच्या आतली पट्टी पापडासारखी मोडली. नवी पट्टी घातली, कपॅसिटर बदलले आणि यंत्र उठून बसलं. मामा आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांनी बघता बघता तोंडपाठ लोड कोट कोट (कॅसेटवरून प्रोग्राम चढवायची आज्ञा) दाबलं!

या नादात आणखी दोन वेडे भेटले, एक पुण्याचे, एक कोल्हापूरचे. प्रत्येकाने सगळं करण्यापेक्षा कामं वाटून घ्यायचं ठरलं. मी जॉयस्टिकचं कार्ड (यंत्राच्या मागे लागणारा जोड-बोर्ड) करायचं, पुणेकरांनी माउसचं, कोल्हापूरकरांनी एसडी कार्डचं, आणि कुणाचंही कार्ड कुणाच्याही यंत्राला लागलं पाहिजे. मी जॉयस्टिकला केम्प्स्टन कंपनीचा पोर्ट ३१ (पोर्ट म्हणजे प्रोसेसर उपकरणाला ज्या क्रमांकाने हाक मारतो तो पत्ता) घेतला, पुणेकरांनी केम्प्स्टन माउसचे पोर्ट घेतले. म्हणजे दोघांनीही रूढ तेच धरलं.

एकेकटं लावलं की दोन्ही कार्डं शहाण्यासारखी वागतात. एका पाटीवर (अनेक कार्डं जोडायच्या बोर्डावर) शेजारी लावली की माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा पळतो. पुणेकर म्हणतात दोष माझा, मी म्हणतो त्यांचा. दोष कुणाचा आणि पुढच्या कार्डांसाठी काय नियम लिहून ठेवावा, हे कृपया सांगा.

सोल्डरवाला

दोष तुमचा, पण पाप मूळ सिंक्लेअरचं.

स्पेक्ट्रममधली यूएलए, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप, पूर्ण पत्ता वाचतच नाही. ए० ही पत्त्याची पहिली तार शून्य दिसली की ती "मलाच हाक मारली" समजते. म्हणून सगळे सम पोर्ट तिचे. झेडएक्स प्रिंटर तसाच फक्त ए२ बघतो. केम्प्स्टनच्या जुन्या जॉयस्टिक कार्डाने तीच रीत उचलली आणि ए५ धरली. चिपा महाग होत्या, एका तारेत काम भागत होतं, पुढचा विचार कोण करतो?

आता माउस बघा. त्याच्या तिन्ही पोर्टांचा खालचा बाइट (ए० ते ए७ या आठ तारा) २२३, म्हणजे ११०१११११. उजवीकडून शून्यापासून मोजा, पाचवी जागा शून्य आहे. तुम्ही जुना नकाशा जसाच्या तसा उतरवला असणार, त्यामुळे माउसला विचारलेल्या प्रश्नाला तुमची जॉयस्टिकही उत्तर देते. डेटाच्या तारांवर दोघं एकदम बोलतात आणि प्रोसेसरला कालवा ऐकू येतो.

उपाय स्वस्त आहे. ए५, ए६ आणि ए७ तिन्ही शून्य असतील तरच बोलायचं. ३१ मध्ये तिन्ही शून्य आहेत, २२३ मध्ये वरच्या दोन्ही एक. या तीन तारा, आयओआरक्यू (पोर्टाशी बोलणं चालू असल्याची खूण) आणि आरडी (वाचण्याची खूण) अशा पाच गोष्टी एकत्र करायला चार ऑर गेट लागतात. ७४एचसीटी३२ मध्ये नेमके चारच असतात. बाहेर येणारी तार ७४एचसीटी२४० या बफर चिपच्या दोन्ही एनेबलना (चालू करायच्या पायांना) द्या. ती चिप उलटं करून देते, ते इथे हवंच आहे, कारण स्विच दाबल्यावर शून्य येतं आणि खेळाला एक हवा असतो. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. पाचही स्विचांना १० किलोओहमचे पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारे रोधक). उरलेले तीन इनपुट मोकळे सोडू नका, ५ व्होल्टला बांधा.

चिंचवडकर

अर्धं कशाला सोडायचं? ७४एचसीटी६८८ घ्या आणि आठही तारा ताडून बघा. एक चिप, पत्ता आठ जंपरवर (काढ-घाल करता येणाऱ्या जोडांवर). उद्या पत्ता बदलायचा झाला तर कार्ड कापायला नको.

सोल्डरवाला

मान्य, नव्या कार्डांना तेच योग्य. फक्त लिहिणारं कार्ड असेल तर आरडीऐवजी डब्ल्यूआर (लिहिण्याची खूण) जोडा. दोन्ही वगळून नुसत्या आयओआरक्यूवर विसंबलात तर एम१ ही तारही बघावीच लागेल, कारण इंटरप्ट (मध्येच आलेली हाक) मान्य करताना झेड८० प्रोसेसर आयओआरक्यू आणि एम१ दोन्ही खाली ओढतो. तेव्हा कार्ड मध्येच बोललं तर दिवसभर डोकं खाजवत बसाल. (मी बसलोय. रविवार होता.)

वाळवंटी_कोकणी

स्पेक्ट्रम माझा प्रांत नाही, पण नियम लिहायचा म्हणताय म्हणून सांगतो. बाबा कुवेतला होते, त्यांनी साख्र कंपनीचा एमएसएक्स संगणक आणला होता. घरी आम्ही त्याला साखरच म्हणायचो. एमएसएक्स म्हणजे १९८३ चा ठरवून केलेला नियम, म्हणून एका कंपनीची कार्ट्रिज दुसरीच्या यंत्रात सहज चालायची.

त्यात एक युक्ती आहे. प्रत्येक उपकरणाला क्रमांक असतो. तो पोर्ट ६४ वर लिहायचा, मग तोच पोर्ट वाचायचा. उपकरण जागेवर असेल तर क्रमांकाचे सगळे बिट उलटे करून परत देतं. सोळा पोर्टांची एकच खोली, पण आत पाळीपाळीने कितीतरी बिऱ्हाडं राहतात. तुम्ही तिघंच आहात, पण चौथा आल्यावर जागेवरून भांडणं नकोत.

जुनाट_यंत्र

सोल्डरवाला, चरणस्पर्श! पाटीवर ए६ आणि ए७ तारेने जोडून बघितल्या, बाण जागेवर थांबला. पुणेकरांना फोन करून माफी मागितली. त्यांनी ती जरा जास्तच मोठ्या मनाने स्वीकारली.

आमच्या कागदावर सध्या एवढं आलंय. नवीन कार्डाने खालच्या आठही तारा बघायच्या. पोर्ट विषमच घ्यायचा. २२७, २३१ आणि २३५ कोल्हापूरकरांच्या डिव्हएमएमसीसाठी (त्यांच्या एसडीच्या कार्डासाठी) राखीव. उपकरण-क्रमांकाची युक्ती तिघांनाही आवडली, पण पोर्ट कुठला यावर अजून एकमत नाही.

चिंचवडकर

कागदावर हेही लिहा, सिंक्लेअरचं इंटरफेस १ हे जोड-यंत्र असलेल्याने डिव्हएमएमसी सोबत लावायचा नाही. पत्ता ८ आला की दोघंही मूळ रॉम (यंत्राची कायमची प्रोग्राम-स्मृती) ढकलून स्वतःचा पुढे करतात.

आणि कनेक्टर कुठला घेताय? किल्ली (सरकून किंवा उलटा बसू नये म्हणून घातलेली पट्टी) आहे ना त्यात?

जुनाट_यंत्र

नाही, तीच तर रड आहे. एका दुकानातून २८ च्या दोन ओळींचे कनेक्टर आणले, पाचव्या जागेची किल्ली एकातही नाही. मागच्या महिन्यात त्यातला एक कनेक्टर घर सरकून बसला आणि वीजपुरवठ्यातला टीआर४ ट्रान्झिस्टर गेला. सोबत उणे ५ व्होल्ट गेले, म्हणून खालच्या ४११६ मेमरी चिपाही संशयित झाल्या. आठही काढून तपासल्या, दोन मेलेल्या निघाल्या. तेव्हापासून जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कापून त्या फटीत चिकटवतोय. किल्लीवाले कनेक्टर कुणाकडे पडून असतील तर सहा हवे आहेत, पोस्टाचा खर्च माझा.