२०० वॅटला पेडल अडकतं, तो बेल्ट नसावा

भाऊ, तुम्ही म्हणता की डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर (मागचं चाक काढून सायकल थेट जोडायचं घरातलं यंत्र) वर्कआउटच्या मध्यात, २०० वॅटला पेडल जड होत जातं आणि शेवटी जाम होतं. फ्री राइडला (वॅट न ठरवता नुसतं चालवताना) मात्र काही नाही. मग वरच्या उत्तरात कुणी सुचवलेला ट्रेनरचं झाकण उघडून बेल्ट ताणायचा उद्योग इतक्यात नको. बेल्ट घसरला तर उलट होतं: जोर लावल्यावर पेडल एकदम हलकं पडतं, बहुतेकदा चीं आवाजासकट.

हा ईआरजी मोडचा स्वभाव आहे, म्हणजे ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच राखतो तो मोड. पॉवर म्हणजे टॉर्क (पेडल फिरवायचा जोर) गुणिले केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे). केडन्स ९० वरून ६० वर घसरला की तेच २०० वॅट राखायला ट्रेनर टॉर्क दीडपट करतो. तुम्ही आणखी मंदावता, तो आणखी आवळतो. इंटरव्हलच्या (जोराच्या टप्प्याच्या) ५-६ सेकंद आधीच केडन्स ९५ पर्यंत न्या. अडकलंच तर जोर लावत बसू नका (गुडघे तुमचेच आहेत). ईआरजी बंद करा, पेडल हलकं फिरवून केडन्स वाढवा, मग परत चालू करा. मध्येच गिअर बदलू नका.

एक हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट: मोबाइलवरचं दुसरं ॲप मागे चालू असेल आणि तेही ट्रेनरला हुकूम सोडत असेल, तर रेझिस्टन्स हेलकावे खातो. ते पूर्ण बंद करा.

स्पिनडाउन (ट्रेनरचं कॅलिब्रेशन) १० मिनिटं वॉर्म-अप झाल्यावरच. आणि बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवर नको, पंख्याखाली घरात करा.